खुब्याचं प्लास्टर जांघेतच का मोडतं

लहान मुलाच्या कमरेपासून पायापर्यंत घातलेलं प्लास्टर मोडतं ते बहुधा जांघेत, पुढच्या बाजूने. डॉक्टर या प्लास्टरला स्पायका म्हणतात. लॅटिनमध्ये स्पायका म्हणजे गव्हाची ओंबी. पट्टी कमरेवरून जांघेत, तिथून मांडीभोवती अशी तिरकी फिरते आणि वेढे दाण्यांच्या ओळींसारखे एकमेकांवर चढतात. कणसं पाहत वाढलेल्या मराठवाड्यातल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

हाड हलू न देण्याची धडपड जुनीच. सुश्रुतसंहितेत मांडी मोडलेल्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांना जखडायला सांगितलंय, त्याला कपाटशयन म्हणतात. वड, पिंपळ, उंबर, पळसाच्या साली आणि बांबूही त्यात येतात. आपल्याकडच्या हाडवैद्यांच्या कामट्या त्याच वळणाच्या. पण कामटी सरळ हाडाला चालते. खुबा वाकतो, फिरतो, आणि दोन वर्षांचं पोर खुंटीला किती दिवस राहणार?

१८५१ च्या सुमारास अँटोनियस माथायसेन या डच लष्करी डॉक्टरने कापडाच्या पट्टीत भाजलेल्या जिप्सम खनिजाची कोरडी भुकटी चोळली आणि ती ओली करून गुंडाळली. क्रिमियन युद्धात रशियन सर्जन पिरोगोव्ह यांनी प्लास्टरचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. जिप्सम भाजलं की त्यातलं पाऊण पाणी उडतं. पाणी परत दिलं की सुईसारखे स्फटिक उगवून एकमेकांत अडकतात आणि हाताला ऊब लागते. प्लास्टर हाताला कडक लागतं ते काही मिनिटांत, पण पुरी ताकद यायला एक ते तीन दिवस जातात. ओलं प्लास्टर वाळलेल्याच्या जेमतेम निम्मं बळकट.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी व्हिएन्नाच्या अडॉल्फ लोरेन्झ यांनी जन्मतः निखळलेले खुबे चिरफाड न करता बसवले आणि पाय बेडकासारखे फाकवून प्लास्टरमध्ये धरले. खुबा जागेवर राहिला, पण काही मुलांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा दबून तो खराब झाला. चुकीची ठेवण मजबूत प्लास्टर तितक्याच इमानाने सांभाळतं! पुढे कॅनडाचे सर्जन सॉल्टर यांनी कमी फाकवलेली, जास्त वाकवलेली ठेवण रुजवली.

आता जांघेकडे. मुलाला पाठीखाली धरून उचललं की पाय आपल्या वजनाने खाली ओढले जातात, वाकलेला खुबा सरळ होऊ पाहतो आणि पुढच्या बाजूला ताण येतो. प्लास्टर दाब सोसतं. ताण त्याला सोसत नाही. त्यात शी-शूसाठी ठेवलेली खिडकी तिथेच. सगळीकडे जाड थर दिले तर वजनच वाढतं. पुढून जांघेवर उभ्या पट्ट्यांचा स्लॅब, म्हणजे जाड थर, ठेवून, ओला असतानाच खालच्या थरात चोळून मुरवला, तर खरा उपयोग. मधेच सुकू दिलं की थर पापुद्र्यासारखे सुटतात. १९७० नंतर आलेलं फायबरग्लास ताणाला बरंच टिकतं, हलकंही असतं, मात्र महाग आणि अंगाच्या वळणाला तितकं नमत नाही.

दोन पायांमधली आडवी काठी सगळ्याची चौकट करते. आमच्या मावशीच्या नातवाला आम्ही दुसऱ्याच दिवशी त्या काठीला धरून बाजेवरून उचललं. दांडा सोयीचा वाटला, दुसरं काय! तडा जांघेतच गेला.