पंखावरचा बर्फ: मालकच वैमानिक असतो तेव्हा

डिसेंबर-जानेवारीत निफाड-पिंपळगाव पट्ट्यात पारा घसरला की पहाटे द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर उठतो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार रात्र जागून काढतात. शून्याजवळची थंडी काय करते, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको. ढगातलं पाणी मात्र या अनुभवात बसत नाही. शून्याखाली दहा-पंधरा अंशांवरही ते पातळच राहू शकतं, कारण गोठायला आधार देणारा कण त्याला मिळालेला नसतो. फ्रीजरमध्ये न हलवता ठेवलेली शुद्ध पाण्याची बाटली कधी कधी बाहेर काढेपर्यंत पातळ असते आणि टेबलावर आपटली की डोळ्यांदेखत गोठत जाते, तसंच. विमान ढगात शिरलं की हे थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर आदळतात आणि तिथंच बर्फ होऊन चिकटतात.

ओझरला १९६४ पासून हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे, गांधीनगरला लष्कराचे वैमानिक हेलिकॉप्टर शिकतात. विमान आपल्याकडे घरातल्या गप्पांचा विषय आहे. आता इथली मुलं-मुली वैमानिक व्हायला अमेरिका-कॅनडालाही जातात आणि आईवडील नाशिकच्या उन्हात बसून तिथल्या हिवाळ्याची काळजी करतात. पंखावरच्या बर्फाचा हा इतिहास त्या घरांनी वाचावा असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीला समज असा होता की बर्फाच्या वजनाने विमान खाली येतं. अमेरिकेत टपाल नेणारे वैमानिक १९२०च्या दशकात रात्री-बेरात्री ढगांतून उडू लागले, तेव्हा हा धोका रोजचा झाला. दशकाच्या अखेरीस तिथल्या नाका या सरकारी संशोधन संस्थेच्या वैमानिकांनी मुद्दाम बर्फाळ ढगांत विमानं नेली. त्यांना आढळलं की वजन ही दुय्यम गोष्ट आहे. बर्फ पंखाचा आकार बिघडवतो, हा खरा घात. पंखावर जाड सँडपेपरसारखा खरखरीत थर बसला तरी उचल, म्हणजे विमानाला हवेत धरून ठेवणारं बळ, सुमारे ३० टक्क्यांनी घटू शकते आणि हवेचा अडथळा ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. उचल संपून विमान कोसळू लागतं त्याला स्टॉल म्हणतात. स्वच्छ पंखाचं विमान ज्या वेगाला आरामात तरंगतं, त्याच वेगाला बर्फाळ पंखाचं विमान स्टॉल होतं.

उपायही लवकर आले. गुडरिच या रबर कंपनीत काम केलेले रसायनशास्त्रज्ञ विल्यम गियर यांनी १९३०च्या सुमारास पंखाच्या कडेवर रबरी पट्टा बसवला. त्यात हवा भरली की तो फुगतो आणि वरचा बर्फ तडकून उडून जातो. हे ‘बूट’ आजही वापरात आहेत. पुढे लुईस रॉडर्ट यांनी इंजिनाच्या उष्णतेने पंख गरम ठेवण्याची पद्धत विकसित केली आणि त्यासाठी त्यांना १९४६ सालची कॉलियर ट्रॉफी हा अमेरिकेतला विमानविद्येचा सन्मान मिळाला.

मग विमान खाजगी मालकाच्या हाती आलं. १९४७ साली बाजारात आलेलं बीचक्राफ्ट बोनान्झा वेगवान, देखणं आणि त्या काळी महागडं होतं. घेणारे बहुतेक डॉक्टर, वकील, उद्योजक. पैसा होता, सरावाला वेळ नव्हता. ढगात क्षितिज दिसेनासं झालं आणि नाक खाली झुकलं की या सडपातळ विमानाचा वेग बघता बघता मर्यादेबाहेर जाई. त्यावरून बोनान्झाला ‘डॉक्टरांचा काळ’ अशा अर्थाचं नाव पडलं. ते नाव विमानावर अन्याय करतं. विमान उत्तम होतं, पण त्याला नेहमी सराव ठेवणारा हात हवा होता.

३१ ऑक्टोबर १९९४ रोजी इंडियानातल्या रोझलॉनजवळ एटीआर-७२ हे प्रवासी विमान कोसळलं आणि ६८ माणसं गेली. तिथे चालक व्यावसायिक होते. थेंब नेहमीपेक्षा मोठे होते, त्यांचा बर्फ रबरी बुटांच्या मागे साचला. ऑटोपायलट विमान सांभाळत राहिला आणि ते एकदम हाताबाहेर गेलं. अशा मोठ्या थेंबांचा विचार विमानांना प्रमाणपत्र देण्याच्या नियमांत यायला २०१४ उजाडलं.

त्याच २०१४ साली, ८ डिसेंबरला, मेरीलँडमधल्या गेदर्सबर्गला एक फेनॉम १०० उतरत होतं. छोटं जेट, एकट्या वैमानिकाला चालवता येणारं. चालवत होता मालक. तो नवशिका नव्हता, चार हजारांहून जास्त तास उडालेला होता. पण या जातीच्या विमानावरचे तास दीडशेच्याही आत होते. विमान ढगातून खाली येत होतं, बर्फ काढण्याची यंत्रणा बसवलेली होती, चालू स्थितीत होती. पंख आणि शेपटीसाठीचं तिचं बटण दाबलेलं नव्हतं. ते नुसतं बर्फ काढण्याचं बटण नव्हतं. ते दाबलं की स्टॉलचा इशाराही जास्त वेगाला, म्हणजे आधीच मिळाला असता. उतरण्याचा वेग वाढवावा लागला असता, धावपट्टीही जास्त लांब लागली असती. विमान स्वच्छ पंखाच्या वेगाने खाली आलं आणि सावरायला उंची उरली नव्हती. ते घरांवर पडलं. विमानातले तीन आणि एका घरातली आई व तिची दोन लहान मुलं, असे सहा जण गेले. घरातल्या त्या तिघांचा विमानाशी काही संबंध नव्हता, म्हणून हा अपघात मला विसरता येत नाही.

महाराष्ट्रावर पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटर उंचीवर असते, त्यामुळे शिकाऊ विमानाच्या पंखावर बर्फ सहसा साचत नाही. पण कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागात, साचतो. पेट्रोलची वाफ होताना हवा इतकी थंड होते की बाहेर वीस-पंचवीस अंश असताना, श्रावणातल्या दमट हवेत, आत बर्फ धरतो आणि इंजिनाची ताकद हळूहळू उतरू लागते. त्यासाठी गरम हवेचा खटका असतो. तो ओढला की बर्फ वितळून पाणी इंजिनात जातं आणि इंजिन आधीपेक्षा जास्त खडखडतं. नवखा वैमानिक इथेच घाबरून खटका परत आत ढकलतो. तो ओढलेलाच ठेवला तर थोड्या वेळात पाणी निघून जातं आणि आवाज पुन्हा सरळ होतो.