बेस गिटार, जुनी व स्वस्त : ध्वनितुलना

विजेवर वाजणाऱ्या चार तारांच्या बेस गिटारच्या आवाजात वाद्याचे वय आणि किंमत यांमुळे पडणारा फरक. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागात ऑर्केस्ट्रा, बँजो पार्टी व चर्चमधील वादकांच्या बोलण्यात हा विषय येतो. सामान्यतः जुने ते चांगले असा समज आहे. तो पूर्णतः ग्राह्य वाटत नाही.

वाद्याच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. सिअ‍ॅटलचे पॉल टटमार्क यांनी 1936 च्या सुमारास ऑडिओव्हॉक्स या नावाने फ्रेट (नेकवरील, म्हणजे वाद्याच्या मानेवरील धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा भरीव बेस विक्रीला आणला. पहिलेपणाचा मान त्यामुळे त्यांच्याकडे जातो, परंतु ते वाद्य फारसे पसरले नाही. अमेरिकन वाद्यनिर्माते लिओ फेंडर यांच्या प्रिसिजन बेसने (1951) 34 इंच लांबीच्या तारेचे माप रूढ केले. दोन भागांत तोडलेला पिकअप (तारेचे कंपन विजेत बदलणारे चुंबक व वेटोळे) त्यावर 1957 मध्ये आला, आणि 1960 मध्ये दोन पिकअपचा जॅझ बेस निघाला. आजचे बहुतेक स्वस्त बेस या दोहोंच्याच नकला असल्याने प्रस्तुत तुलनेपुरते फेंडर यांना आरंभबिंदू मानणे सोयीचे. संग्राहक 1965 पूर्वीच्या, म्हणजे फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीकडे जाण्याआधीच्या वाद्यांना खरी जुनी मानतात. गंमत अशी, की 1982 मध्ये स्वस्त पर्याय म्हणून जपानमध्ये सुरू झालेल्या स्क्वायर या फेंडरच्याच नाममुद्रेचे आरंभीचे बेसही आता जुन्यांत जमा होऊन चढ्या भावाने विकले जातात.

जुन्या आवाजाचे श्रेय अनेक जण सुकलेल्या लाकडाला देतात. पिकअप मात्र लाकडाचा नव्हे, पोलादी तारेच्या हालचालीचा वेध घेतो; लाकडाचा परिणाम तार कुठे किती लवकर विझते एवढ्यापुरता होतो. सर्वांत बारीक ‘जी’ तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास स्वर चटकन मरतो, तो नेकच्या स्वतःच्या कंपनामुळे, आणि हा दोष जुन्या-नव्या, महागड्या-स्वस्त सर्व वाद्यांत आढळतो. लोहचुंबक वयाने कमजोर होऊन आवाज गोड होतो, हे मतही जपूनच घ्यावे. अल्निको (अ‍ॅल्युमिनिअम, निकेल व कोबाल्ट असलेला मिश्रधातू) चुंबक आपोआप फारसा ओसरत नाही. जुन्या पिकअपमध्ये प्रत्येक तारेखाली अल्निकोचे दांडके असते, स्वस्तात बहुधा पोलादी खिळे व त्यांच्या बुडाशी सिरॅमिकची पट्टी. त्याने वेटोळ्याचे प्रवर्तकत्व (इंडक्टन्स) बदलते आणि वरच्या स्वरांचा उठाव वेगळ्या जागी पडतो. हा फरक खरा आहे, पण पिकअप बदलून तो भरून काढता येतो.

याहून मोठा वाटा तारांचा. पन्नाशीच्या दशकात चपट्या वेष्टनाच्या तारा आणि ब्रिजच्या (तारा बुडाशी जिथे टेकतात त्या आधाराच्या) झाकणाखाली फोमचा तुकडा अशी रीत होती. आवाज बुटका, गोल, लवकर थांबणारा. मोटाऊन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचे बेसवादक जेम्स जेमर्सन तारा क्वचितच बदलत, हे प्रसिद्धच आहे. आज स्वस्त बेस गोल वेष्टनाच्या झगझगीत तारा लावून येतो आणि तुलना तारांची होते, वाद्यांची नव्हे.

सीमाभागात ऐकण्याची जागाही विचारात घ्यावी लागते. गणेशोत्सवाच्या किंवा शिवजयंतीच्या उघड्या मैदानावर मोकळ्या, सर्वांत जाड ‘ई’ तारेचा 41 हर्ट्झचा मूळ स्वर भाड्याचे स्पीकर क्वचितच देतात. कान 82 आणि 123 हर्ट्झच्या उपस्वरांवरून तो ताडून घेतो. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी उपस्वर उजळवते, तेच काम इथे मधल्या पट्टीच्या (मध्यम वारंवारितेच्या) आवाजाने करावे लागते. म्हणून घरच्या ॲम्पवर पोकळ वाटणारा स्वस्त बेस मांडवात कधी जुन्यापेक्षा स्पष्ट उठतो.

अर्थिंग नसलेल्या ठिकाणी एकाच वेटोळ्याच्या पिकअपची घरघर छळते. आपल्या विजेची वारंवारिता 50 हर्ट्झ. ‘ई’ तारेवरील तिसऱ्या फ्रेटचा ‘जी’ स्वर 49 हर्ट्झवर असल्याने दोन्ही जवळजवळ एकावर एक बसतात. प्रिसिजनचा तोडलेला पिकअप ही घरघर आपोआप कापतो, जॅझ बेसवर दोन्ही पिकअप सारख्या आवाजात ठेवावे लागतात. जुनेपणाचा इथे संबंध नाही.

1991 पूर्वी आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी बेस सहज मिळत नसत. हातोहात फिरलेली वाद्ये व देशी बनावटीच्या गिटारी यांवर काम चाले.

खानापूरकडच्या पावसात नेकचा बाक बदलतो. तारा फ्रेटवर आपटतात किंवा उंच जातात. बाक नीट करण्याचा ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या धातूच्या सळईचा) स्क्रू जुन्या फेंडरांत नेकच्या बुडाशी असतो, त्यासाठी तारा उतरवून नेक सैल करावा लागतो. स्वस्त बेसच्या डोक्याजवळ भोक असते आणि अ‍ॅलन की घालून दोन मिनिटांत काम होते.