‘मॉडर्न कॅन्टोनीज’ येतं कुठून?

‘मॉडर्न कॅन्टोनीज’ म्हणवणाऱ्या नव्या रेस्तराँत पहिल्यांदा गेलेल्या मुंबईकराची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: जेवण सपक आहे. अख्खा वाफवलेला मासा येतो, वर आलं आणि पातीच्या कांद्याच्या बारीक सळ्या, तळाशी सोया सॉसचं पातळ पाणी. मिरची नाही, कॉर्नफ्लॉवरची दाट ग्रेव्ही नाही, आणि बिल मात्र भरभक्कम. या स्वयंपाकामागे व्यापाराचा पैसा, युद्ध आणि स्थलांतरं आहेत. तो इतिहास कळला की ही तक्रार टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात ग्वांगझूपासून, म्हणजे जुन्या कॅन्टनपासून. 1757 ते 1842 या काळात पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना चीनच्या याच एका बंदरात व्यापार करण्याची मुभा होती. चहा आणि रेशीम बाहेर जाई, बदल्यात चांदी येई. पुढे चांदीची जागा कापूस आणि अफूने घेतली. त्यातला बराच माल मुंबई बंदरातून निघे. पारशी व्यापारी जमशेटजी जीजीभॉय तरुणपणी कॅन्टनच्या सफरी करत, आणि ज्या संपत्तीतून मुंबईत त्यांचं इस्पितळ उभं राहिलं तिच्यात या व्यापाराचा मोठा हिस्सा होता. पारशी घरांतल्या ‘गारा’ साड्यांवरचं भरतकामही तिकडचंच. अफूने चीनमधली किती घरं धुळीला मिळवली हे लक्षात घेता या व्यापाराचे गोडवे गाता येत नाहीत. पण त्याच पैशावर कॅन्टनमध्ये चोखंदळ व्यापारी वर्ग पोसला गेला आणि या वर्गाने आचाऱ्यांना कामाला लावलं.

आचाऱ्यांच्या हाताशी पर्ल नदी होती, समुद्र होता आणि बारमाही भाजी देणारा उष्ण-दमट मुलूख होता. मासा जिवंत मिळत असेल तर त्याला मसाल्याने झाकायचं कशाला? मासा वाफेवर जेमतेम शिजवायचा, काट्यालगतचं मांस सुकण्याआधी उतरवायचा आणि वरून कडकडीत तेल ओतायचं. आल्याचा वास उठतो, बस्स. मासा शिळा असेल किंवा मिनिटभर जास्त राहिला तर ते लपवायला काहीच नसतं. आपण ज्याला सपक म्हणतो, तिथे खरं तर आचारी उघडा पडायला तयार असतो.

दुसरी परंपरा चहाघरांची. सकाळी चहा घ्यायचा, सोबत दोन-चार वाफवलेली किंवा तळलेली खाणी, आणि तासन्‌तास गप्पा. 1920-30च्या दशकांत ग्वांगझूच्या चहाघरांत इतकी चुरस लागली की दर आठवड्याला डिम समची, म्हणजे या छोट्या खाण्यांची, नवी यादी लावायची पद्धत पडली. बदलता मेन्यू आणि छोट्या बश्या ही आजच्या रेस्तराँची नवलाई मानली जाते, पण कॅन्टनच्या माणसाला त्यात नवं काही नव्हतं. ‘हार गाव’ हे कोळंबी भरलेलं वाफवलेलं डंपलिंगही याच सुमाराचं. त्याची पारी गव्हाच्या निव्वळ स्टार्चची असते. स्टार्चवर उकळतं पाणी ओतून मळायचं, तेल लावलेल्या बोथट सुऱ्याच्या पात्याखाली एकेक गोळी दाबत गोल फिरवायची, आणि पारीच्या एकाच बाजूला चुण्या घालत मिटवायची. आपल्याकडे उकडीच्या मोदकाला कळ्या पाडणाऱ्या हातांना ही मेहनत लगेच कळेल. वाफवल्यावर आतली कोळंबी गुलाबी झळकली पाहिजे आणि उचलताना पारी फाटता कामा नये.

मग ऑक्टोबर 1938मध्ये जपान्यांनी ग्वांगझू घेतलं, आणि 1949मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले. दोन्ही वेळा माणसं हाँगकाँगकडे धावली, त्यांत आचारी होते आणि त्यांना पोसणारी धनिक घराणीही. ल्यूक यू हे चहाघर तिथे 1933पासून होतंच. श्रीमंतांच्या घरी जाऊन मेजवान्या रांधणाऱ्या आचाऱ्यांपैकी एकाने 1948मध्ये सुरू केलेल्या व्यवसायातून पुढे फूक लाम मून हे नामांकित रेस्तराँ उभं राहिलं. घराण्यांच्या स्वयंपाकघरांतली विद्या अशी पैसे मोजणाऱ्या कुणालाही चाखता येऊ लागली.

आज ज्याला आपण ‘मॉडर्न’ म्हणतो ते मुख्यतः 1980च्या दशकातल्या हाँगकाँगमध्ये घडलं. शहरात पैसा खेळत होता, बड्या हॉटेलांनी स्वतःची कॅन्टोनीज रेस्तराँ काढली, तेल कमी झालं आणि एकेकाची बशी वेगळी सजून येऊ लागली. सुकवलेली शिंपली, सुकी कोळंबी, जिनह्वा हॅम (खारवून मुरवलेलं चिनी डुकराचं मांस) आणि मिरची यांचा एक्सओ सॉस त्याच दशकातला. नाव कोन्याक या महागड्या फ्रेंच ब्रँडीवरून घेतलेलं, पण कोन्याक त्यात नसतं. चान यान-ताक हे याच पिढीतले शेफ. रेस्तराँना तारे देणाऱ्या मिशेलिनची हाँगकाँग-मकावसाठीची पहिली मार्गदर्शिका 2008च्या अखेरीस आली, तेव्हा त्यांचं लुंग किंग हीन हे तीन तारे मिळवणारं पहिलं चिनी रेस्तराँ ठरलं.

1997मध्ये ब्रिटिशांच्या ताब्यातलं हाँगकाँग चीनकडे जाणार हे 1984च्या करारात ठरल्यावर लोक व्हँकुव्हर, टोरोंटो, सिडनीला निघाले आणि जेवणही त्यांच्यासोबत गेलं. लंडनला ते आधीपासून होतंच. हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या ॲलन याउ यांनी 2001मध्ये तिथल्या एका तळघरात हक्कासान हे रेस्तराँ उघडलं. मंद उजेड, कॉकटेल्स, क्लबसारखं वातावरण. पण खाणं मुळात कॅन्टोनीज. 2004मध्ये त्यांनी डिम समसाठी याउआचा काढलं, आणि 2011मध्ये ते मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलात आलं. तोवर आपल्या जिभेवर वेगळंच ‘चायनीज’ बसलं होतं, शेझवान आणि मंचुरियनचं. त्याचा जन्म इथलाच आणि ते मला मनापासून आवडतं. मात्र त्या मापाने कॅन्टोनीज जेवण मोजणं अन्यायाचं आहे.

खुद्द हाँगकाँगमध्ये ही कला आज अडचणीत आहे. डिम समच्या स्वयंपाकघरात पहाटेपूर्वी उभं राहायला तरुण सहजासहजी तयार होत नाहीत, भाडी अफाट आहेत, आणि बरीच ठिकाणं कारखान्यात बनवलेले गोठवलेले डिम सम वाफवून वाढतात. म्हणून नव्या रेस्तराँच्या सजावटीपेक्षा मी आधी एवढंच विचारते की पारी इथे लाटली जाते की फ्रीझरमधून येते. उत्तर ‘इथेच’ असेल, तर चार हार गावांची ती किंमत मला जास्त वाटत नाही.