मोठी निगेटिव्ह बातमीत परतली त्याची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकी अध्यक्षांवरच्या महाभियोगाची जाहीर सुनावणी वॉशिंग्टनमध्ये सुरू झाली. साक्षीदाराच्या टेबलासमोर जमिनीवर दाटीवाटीने बसलेल्या छायाचित्रकारांपैकी एकाच्या हातात भात्याचा, म्हणजे लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये घड्यांची पेटी असलेला, सत्तरएक वर्षं जुना स्पीड ग्राफिक कॅमेरा होता. आजूबाजूचे डिजिटल कॅमेरे एका दमात दहा-वीस फ्रेम टिपत होते आणि त्यातली चित्रं काही मिनिटांत संपादकांपर्यंत पोचत होती. हा मात्र एक फोटो काढायचा, फिल्मचा होल्डर उलटा करायचा आणि पुढच्या क्षणाची वाट बघायचा. त्याचेच फोटो समाजमाध्यमांवर फिरले आणि बहुतेकांनी त्याला जुन्या वस्तूंचा हौशी ठरवून टाकलं. हा माणूस व्हिएतनाम युद्धापासून बातम्यांचे फोटो काढत आला आहे. तो कॅमेरा त्याने पंधरा वर्षांच्या विचाराअंती तिथे नेला होता. त्या विचाराचा माग काढला तरच ते दृश्य नीट समजतं.

जुना काळ थोडक्यात सांगतो. स्पीड ग्राफिक १९१२ ते १९७३ या काळात तयार होत होता. ४×५ इंचाची शीट फिल्म (म्हणजे रोल नव्हे, एकेक सुटा तुकडा), मागच्या अंगाला सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत चालणारं कापडी पडद्याचं शटर आणि बाजूला ताटलीएवढा फ्लॅश, हा अमेरिकी बातमीदारीचा गणवेशच होता. अमेरिकी पत्रकारितेच्या पुलित्झर पारितोषिकात छायाचित्रांचा विभाग १९४२ मध्ये सुरू झाला. पहिल्या दहा-बारा वर्षांतली बहुतेक विजेती चित्रं याच कॅमेऱ्याची. इवो जिमा बेटावर झेंडा रोवणाऱ्या अमेरिकी सैनिकांचं चित्र सगळ्यांना पाठ आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही. टोकियोत १२ ऑक्टोबर १९६० रोजी भर सभेत झालेल्या राजकीय हत्येचं चित्र हे या कॅमेऱ्याने मिळवलेलं शेवटचं पुलित्झर. तोवर ३५ मिमी कॅमेऱ्यांनी मैदान मारलं होतं. एका रोलमध्ये ३६ चित्रं मिळत असताना दोन फिल्मांचा होल्डर कोण सांभाळत बसणार?

आपल्याकडची एक हकिगत मात्र सांगायलाच हवी, कारण या पद्धतीची जोखीम तिच्याइतकी स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. १९४६ मध्ये एक अमेरिकी छायाचित्रकार पुण्यात गांधीजींचा चरख्यापाशी फोटो काढायला आली. तिला आधी चरखा चालवायला शिकावं लागलं आणि मग तीनच फ्लॅश बल्ब वापरायची परवानगी मिळाली. पहिल्या बल्बाच्या वेळी उजेड आणि शटर यांचा मेळ बसला नाही. दमट हवेने सामान बिघडलं होतं. ट्रायपॉडचा एक पाय आखूड आणि दोन लांब अशा अवस्थेत अडकून बसला. दुसऱ्या बल्बाला सगळं जमलं, गांधीजींचा हात सूत ओढताना सुरेख उंचावला, आणि मग तिच्या लक्षात आलं की फिल्मपुढची डार्क स्लाइड, म्हणजे उजेड अडवणारी पट्टी, ओढायचीच राहिली. आज जगाला माहीत असलेलं चित्र तिसऱ्या बल्बाचं आहे. त्याच काळात दिल्लीत भारताची पहिली महिला वृत्तछायाचित्रकार स्पीड ग्राफिक घेऊन सत्तांतराचे प्रसंग टिपत होती. ती जन्माने नवसारीची आणि मुंबईच्या जे. जे. त शिकलेली. त्या पिढीच्या अल्बममध्ये एका प्रसंगाची दोन-चारच चित्रं असतात आणि तेवढी पुरतात.

डार्क स्लाइड विसरणं इतकं सोपं का, हे जवळून बघण्यासारखं आहे. होल्डरच्या दोन बाजूंना एकेक फिल्म असते आणि प्रत्येकीपुढे एक सरकती पट्टी. पट्टीच्या मुठीची एक बाजू पांढरी, दुसरी काळी. पांढरी बाहेर दिसली तर आत कोरी फिल्म आहे. फोटो झाल्यावर पट्टी उलटी करून घालायची, म्हणजे काळी बाहेर येते. फिल्म भरायची ती अंधारात, नाहीतर काळ्या पिशवीत हात घालून. फिल्म उभी धरून कोपऱ्यातल्या खाचा बोटाने चाचपायच्या. त्या वरच्या बाजूला उजवीकडे आल्या की इमल्शनची, म्हणजे उजेड टिपणारी बाजू आपल्याकडे. हे सगळं करताना समोर मंत्री उठून चालू लागलेला असतो. पण हेच अडथळे छायाचित्रकाराला शटर दाबण्याआधी ठरवायला लावतात की हे चित्र आपल्याला खरंच हवं आहे का.

आता शब्दाचा घोळ. स्पीड ग्राफिकच्या भरभराटीत त्याला कुणी ‘लार्ज फॉरमॅट’ म्हणत नव्हतं. तो नुसता प्रेस कॅमेरा होता, आणि वेगळं नाव लागायचं ते ३५ मिमीला: ‘मिनिएचर’. छोटं तेच नेहमीचं झालं तेव्हा जुन्याला ‘मोठं’ हे विशेषण चिकटलं. ४×५ इंच आणि त्याहून मोठं ते लार्ज, रोल फिल्मचं ते मीडियम, अशी वाटणी साधारण रूढ आहे. पण ग्राफिकचीच लहान, सव्वादोन बाय सव्वातीन इंचाची आवृत्ती होती. तिला काय म्हणायचं? त्यात आता एक जपानी कंपनी ४४×३३ मिमी सेन्सरच्या डिजिटल कॅमेऱ्याला जाहिरातीत लार्ज फॉरमॅट म्हणते. ४×५ च्या निगेटिव्हचं क्षेत्रफळ त्या सेन्सरच्या सुमारे आठपट आणि ३५ मिमीच्या सुमारे १३ पट भरतं. माझ्या मते हा शब्द फिल्मपुरताच ठेवावा, नाहीतर खालचा वाद कळणारच नाही.

पुनरागमन घडलं २००३-०४ च्या सुमारास. डिजिटल कॅमेऱ्यांनी वृत्तपत्रांतून फिल्म हद्दपार केली ती याच वर्षांत, आणि हा योगायोग नाही. प्रचारसभेत एकाच मचाणावर पन्नास जण एकसारख्या झूम लेन्सने एकसारखी चित्रं काढत असत. वर उल्लेख केलेल्या छायाचित्रकाराने २००४ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत डिजिटल कॅमेऱ्यांच्या जोडीला स्पीड ग्राफिक उचलला आणि त्यावर एरो एक्टार लेन्स बसवली. १७८ मिमी, एफ/२.५ ची, म्हणजे छिद्र बरंच मोठं उघडणारी ही लेन्स दुसऱ्या महायुद्धात विमानातून टेहळणीसाठी बनली. तिच्या काचेत थोरियम आहे. ती किंचित किरणोत्सर्गी असते आणि काळानुसार पिवळी पडते, मग उन्हात ठेवून पुन्हा स्वच्छ करावी लागते. तिला स्वतःचं शटर नाही. स्पीड ग्राफिकचं शटर फिल्मच्या लगेच पुढे, कॅमेऱ्यातच आहे, म्हणून ही जोडी जमली; शटर लेन्समध्ये असलेल्या इतर भात्याच्या कॅमेऱ्यांवर ती अशी चालली नसती. एवढ्या मोठ्या फिल्मवर एवढं उघडं छिद्र ठेवलं की जवळच्या माणसाचे डोळे स्पष्ट आले तर कान धूसर होतो. सभेतला उमेदवार रेखीव आणि भोवतालची गर्दी विरघळलेली. हाच कॅमेरा २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकलाही गेला.

खरा वाद या विरघळण्यावरून झाला, आणि तो अजून मिटलेला नाही.

एका मोठ्या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलं आहे की पार्श्वभूमी डिजिटल पद्धतीने धूसर करायची नाही. सेन्सरवरची धूळ आणि स्कॅन केलेल्या निगेटिव्हवरचे ओरखडे पुसायला मुभा आहे, त्यापलीकडे नाही. मग लेन्सने केलेली धूसरता चालते आणि संगणकाने केलेली का चालत नाही? २०१० मध्ये एका अमेरिकी दैनिकाने अफगाणिस्तानातल्या सैनिकांची, फोनवरच्या अॅपने काढलेली चित्रं पहिल्या पानावर छापली आणि पुढच्या वर्षी त्या मालिकेला एका नामांकित स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळालं, तेव्हा हा प्रश्न उसळला. अॅप रंग बदलत होतं, कडा काळवंडत होतं, जुन्या फिल्मचा आव आणत होतं. टीकाकार म्हणाले, हा खोटा साज आहे. बचाव करणारे म्हणाले, भात्याच्या कॅमेऱ्याचा काळसर काठ आणि अंधूक गर्दी तुम्हाला चालते, तोही साजच आहे. भरीला, ग्राफिकची लेन्स बसवलेली पुढची पाटी कलवता येते. लेन्स किंचित कलवली की स्टेडियम खेळण्यातलं वाटू लागतं, आणि तोच परिणाम तेव्हा अॅपमध्ये एका बटणावर मिळत होता.

हा बचाव मला पटत नाही, पण तो पोकळही नाही. पटत नाही तो निगेटिव्हमुळे. लेन्सची धूसरता उजेड फिल्मवर पडला त्याच क्षणी घडलेली असते. ती नंतर वाढवली नाही हे होल्डरमधून निघालेली फिल्म दाखवून देते. अॅपमधली धूसरता उजेड पडून गेल्यावरचा निर्णय असतो. पुढे याला वजन आलं. २०१४ च्या सुरुवातीला सीरियातल्या चित्रातून एक व्हिडिओ कॅमेरा पुसल्याबद्दल एका पुरस्कारविजेत्या छायाचित्रकाराशी त्याच्या वृत्तसंस्थेने संबंध तोडले. २०१५ मध्ये जगातल्या सर्वात मोठ्या वृत्तछायाचित्र स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत आलेल्यांपैकी सुमारे २० टक्के चित्रं फेरफारामुळे बाद झाली. परीक्षक मूळ फाइल मागू लागले. ज्याच्याकडे ४×५ इंचाची निगेटिव्ह आहे त्याला मूळ काय, हे सांगत बसावं लागत नाही.

पोकळ नाही तो अशासाठी की वाचक निगेटिव्ह बघत नाही, छापलेलं चित्र बघतो. सभेतली हजार माणसं धुक्यात घालून एकाच चेहऱ्यावर बोट ठेवणं हे मत आहे, मग ते काचेने मांडलेलं असो की गणिताने. खेळाच्या मैदानावरच्या लांब टेलिफोटो लेन्सही तेच करतात आणि त्यावर कुणी बोलत नाही, हेही खरं. संपादकांनी व्यवहारात तोडगा काढला: अशी चित्रं रोजच्या बातमीत कमी, साप्ताहिकात आणि चित्रमालिकेत जास्त, आणि चित्राखालच्या ओळीत कॅमेऱ्याचा उल्लेख. निम्मा वाद या उल्लेखानेच शांत होतो. तो न करण्याला काही कारण नाही.

याच्या शेजारून दुसरा प्रवाह वाहत होता, तो घटनेनंतर पोचणाऱ्यांचा. ११ सप्टेंबर २००१ नंतर न्यूयॉर्कच्या ढिगाऱ्यात पोलीस छायाचित्रणाला मनाई करत होते. तिथे एक ज्येष्ठ छायाचित्रकार शहराच्या संग्रहालयाच्या पाठबळावर ८×१० इंची लाकडी कॅमेरा घेऊन शिरला आणि नऊ महिने काम करत राहिला. त्याच सुमारास एका ब्रिटिश छायाचित्रकाराने ४×५ च्या लाकडी कॅमेऱ्यावर अफगाणिस्तानातल्या पडक्या इमारती टिपल्या. याला बातमी म्हणायचं की नाही यावर समीक्षकांनी बरंच लिहिलं. माझ्या दृष्टीने ज्या जागेत घटनेची खूण अजून ओली आहे तिथलं चित्र बातमीच आहे.

सामानाची बाजू मात्र आटत गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचं जाहीर केलं आणि उजेड जागेवरच तपासायची सोय कमी होत गेली. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला; शीट फिल्म टिकली, पण महाग झाली. अलीकडे विमानतळांवर हातातल्या सामानासाठीही सीटी स्कॅनर आले आहेत आणि त्यांच्या माऱ्याने न धुतलेली फिल्म धुरकटते. बातमीदाराला आता प्रत्येक तपासणीच्या रांगेत फिल्मचा डबा हाताने तपासा म्हणून विनवावं लागतं.

या वाटेवरचा २०२३ चा टप्पा काबूलचा आहे. एका आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेच्या छायाचित्रकाराने अफगाणिस्तानात डिजिटल कॅमेऱ्यासोबत तिथलीच जुनी लाकडी पेटी उभी केली. पूर्वी रस्त्यावर पासपोर्टचे फोटो काढायला ती वापरत. तालिबानच्या पहिल्या राजवटीत माणसांचे फोटो काढायलाच बंदी होती. या पेटीत फिल्म नसतेच, म्हणून लार्ज फॉरमॅटच्या कडक व्याख्येत ती बसत नाही. कॅमेरा आणि डार्करूम एकाच खोक्यात असतात. बाहीतून हात आत घालून कागद रसायनात बुडवायचा, कागदाची निगेटिव्ह बाहेर काढून पेटीसमोरच्या पाटीवर लावायची आणि तिचाच फोटो काढायचा. समोर बसलेला माणूस तोपर्यंत तिथेच थांबलेला असतो, आणि आपला चेहरा आधी उलट्या छटांत, मग सरळ उमटताना बघतो.