हिमोग्लोबिन १२ आलं तरी लोह कमी असू शकतं

जिना चढताना धाप लागते, केस गळतायत, आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १२.३, मग घरचे म्हणणार काही झालं नाहीये तुला. पण लोह कमी पडायला लागलं की शरीर आधी साठ्यातलं काढून वापरतं, तो संपत आला की मग हिमोग्लोबिन उतरतं, म्हणजे सीबीसी (हिमोग्लोबिन ज्यात येतं ती नेहमीची रक्ततपासणी) बिघडेपर्यंत आत खडखडाट झालेला असतो. साठा दाखवणारी टेस्ट म्हणजे फेरिटिन. डब्ल्यूएचओच्या हिशोबाने मोठ्या माणसात १५ (ng/mL) च्या खाली म्हणजे कमतरता, पण बरेच डॉक्टर ३० च्या खालीच उपचार सुरू करतात आणि मला ते पटतं.

गोची अशी की ताप, इन्फेक्शन, फॅटी लिव्हर असलं की फेरिटिन आपोआप वाढतं. तापातून उठल्या उठल्या टेस्ट केली आणि ‘नॉर्मल’ आली तर त्याला फारसा अर्थ नाही, सोबत सीआरपी, म्हणजे शरीरात दाह आहे का ते सांगणारा आकडा, बघावा लागतो. नुसतं सीरम आयर्न (रक्तात फिरणारं लोह) तर सकाळी एक, संध्याकाळी दुसरंच, आदल्या दिवशी गोळी घेतली असेल तर आणखी तिसरं. त्यापेक्षा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय ते) बघा, साधारण २० टक्क्यांखाली कमी, ४५ च्या वर जास्त.

आता गोळ्या. एक गोळी गेली की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि आतडं पुढचे २४ तास तरी लोह कमी आत घेतं, म्हणून दोन-दोन गोळ्या खाऊन दुप्पट फायदा होत नाही, उलट पोट बिघडतं. झुरिकच्या संशोधकांनी लोह कमी असलेल्या तरुण बायकांमध्ये दाखवलं की दिवसाआड घेतल्यास प्रत्येक गोळीतलं लोह जास्त शोषलं जातं. (गरोदर बायकांनी मात्र डॉक्टर सांगतील तसंच.) चहा आणि कॅल्शियमची गोळी दोन तास लांब ठेवा, लिंबूपाणी चालतं. शी काळी होते, घाबरू नका. आणि हिमोग्लोबिन वर आलं की लगेच बंद करू नका, साठा भरायला अजून तीनेक महिने लागतात.

पण मनानेच गोळ्या सुरू करू नका बरं का. थॅलेसेमिया मायनर या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषातही लोह कमी असल्यासारखाच एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) कमी दिसतो, सिंधी, लोहाणा, भानुशाली घरांत हे बऱ्यापैकी सापडतं, तिथे फेरिटिन नॉर्मल असेल तर एचपीएलसी टेस्ट (हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी) करायची, लोह द्यायचं नाही. जास्तीचं लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही, ते लिव्हरमध्ये, हृदयात साचत जातं, मग रक्त काढून किंवा डेफेरासिरॉक्ससारख्या औषधांनी ते कमी करावं लागतं.

पुरुषांमध्ये किंवा पाळी गेलेल्या बाईत लोह कमी निघालं तर गोळ्या लिहून विषय संपत नाही, रक्त कुठून जातंय ते शोधायलाच हवं, मूळव्याध म्हणून सोडून न देता एंडोस्कोपी, कोलोनोस्कोपीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.