पुलाखालून गेला वाघ, पण पुढे काय?

नागपूरहून जबलपूर रोडने निघालं की मनसर, देवलापार झाल्यावर पेंचचं जंगल लागतं, तिथे हायवे ४४ वर गाड्या पुलावरून अन् जनावरं खालून अशी सोय केलीये. असे ९ पूल-अंडरपास आहेत, त्यातला एक तर ७५० मीटर लांब. २०१९ च्या मार्च ते डिसेंबरमध्ये इथल्या ट्रॅप कॅमेऱ्यांत (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे) १८ जातींचे प्राणी खालून जाताना सापडले, त्यात ११ वेगवेगळे वाघ, मिळून ८९ वेळा. भारी आहे हे, पण पलीकडे जाऊन वाघाला पिल्लं झाली का, ते फोटोत थोडीच दिसतं!

यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला ‘वॉकर’ नावाचा वाघ आठवतो ना? गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन २०१९ मध्ये १३०० किलोमीटरपेक्षा जास्त चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, पेपरवाल्यांनी डोक्यावर घेतला, पण तिथे वाघीणच नव्हती, मग पिल्लं कुठली, म्हणजे जेनेटिक्सच्या हिशोबाने एवढी तंगडतोड फुकट.

म्हणून वाघांचे जीन्स खरंच एका जंगलातून दुसऱ्यात पोचतात का हे बघायला शास्त्रज्ञ वाघाची शी गोळा करत फिरतात. हो, शीच. आतड्याच्या आतल्या पेशी तिला चिकटून बाहेर येतात, त्यांच्या डीएनएवरून वाघ की बिबट्या, नर की मादी, आणि नेमका कोणता वाघ इथपर्यंत कळतं, कोणाला बेशुद्ध करायची गरज नाही. अडचण अशी की उन्हापावसात डीएनएचे तुकडे होतात आणि त्यात खाल्लेल्या चितळाचा, बॅक्टेरियाचा डीएनए पण मिसळलेला असतो, त्यामुळे अख्खा जीनोम (म्हणजे सगळाच्या सगळा डीएनए) वाचण्यापेक्षा त्यातल्या ठरावीक जागाच वाचतात.

खरी मजा यानंतर, कॉम्प्युटरवर. दोन जंगलांतले वाघ जेनेटिकली किती वेगळे ते काढायचं, मग मधले रस्ते, गावं, शेती नकाशावर टाकून बघायचं की हा फरक कशामुळे पडतोय. बेंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सोबतच्यांनी मध्य भारतात हेच केलं, आणि दाट वस्ती अन् वर्दळीचे रस्ते वाघाला अडवतात हे आकड्यांत दिसलं.

पण जीन्स उशिरा बोलतात. आज वाघांची ये-जा बंद झाली तरी डीएनएत ते दिसायला काही पिढ्या जातात, म्हणजे चौपदरी हायवेचा पूर्ण हिशोब अजून यायचाच आहे. जंगल बाकीच्यांपासून तुटलं की काय होतं ते ओडिशाच्या सिमिलीपालमध्ये बघा, बाहेरून नवीन वाघ आपणहून येत नाहीत, आपसातच प्रजनन, आणि एरवी अगदी क्वचित दिसणारे काळपट वाघ तिथे तीनात एकापेक्षा जास्त. टुरिस्ट खूश होतात.