खाडाखोड झालेला रकाना

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या वहीत एक तक्ता हमखास असतो: डावीकडे जंतू, उजवीकडे त्यावरचं पहिल्या पसंतीचं औषध. परीक्षेपुरता तो पाठ करताना हे सगळं कायमचं ठरलेलं वाटतं. प्रत्यक्षात उजवीकडचा रकाना कितीतरी वेळा खोडून पुन्हा लिहिला गेला आहे.

डावा रकाना जुना. १८८४ मध्ये हान्स क्रिस्टियान ग्राम यांनी जीवाणू रंगवण्याची पद्धत काढली. काही जीवाणू जांभळा रंग धरून ठेवतात, काही सोडून देतात. हा फरक पेशीभित्तिकेचा, आणि कोणतं औषध आत शिरणार हेही बऱ्याच अंशी तीच भित्तिका ठरवते. औषधं मात्र उशिरा आली. उपदंशावरचं आर्सेनिकयुक्त साल्व्हारसन १९१० मध्ये, सल्फा औषधं १९३५ च्या सुमारास, आणि पेनिसिलिन प्रत्यक्ष वापरात १९४० नंतर.

सर्वांत जास्त खाडाखोड परम्याच्या ओळीत दिसते. परम्याच्या जंतूवर, म्हणजे गोनोकॉकसवर, आधी सल्फा चालली, पण काही वर्षांतच तिचा जोर ओसरला. मग पेनिसिलिन आलं. त्याची मात्रा वाढवत वाढवत नेली, तोवर १९७६ मध्ये पेनिसिलिन फोडून टाकणारं विकर (एन्झाइम) बनवणारे गोनोकॉकस सापडले. पुढे सिप्रोफ्लॉक्सॅसिनचीही तीच गत झाली. आता भिस्त सेफ्ट्रायक्झोनच्या इंजेक्शनवर आहे.

गळवं आणणाऱ्या, जखमा चिघळवणाऱ्या स्टॅफिलोकॉकसला तर एवढाही वेळ लागला नाही. मेथिसिलिन हे पेनिसिलिनच्याच कुळातलं नवं औषध बाजारात आलं आणि १९६१ मध्ये त्याला न जुमानणारे जंतू नोंदले गेले.

क्षयाच्या ओळीत एकटं औषध का नसतं, याचं उत्तरही इतिहासातच आहे. १९४३ मध्ये सापडलेलं स्ट्रेप्टोमायसिन एकटं दिल्यावर रुग्णाला आधी उतार पडे, पण काही महिन्यांत जंतू त्याला सरावत. आज आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल एकत्र सुरू करतात ते म्हणूनच.

या सगळ्यात दोन ओळी मला नेहमी चकित करतात. घसा धरणारा स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस आणि उपदंशाचा ट्रेपोनेमा. उपदंशावर पेनिसिलिन पहिल्यांदा दिलं ते १९४३ मध्ये, जॉन महोनी यांनी, चार रुग्णांना. या दोन्ही ओळींत आजही पेनिसिलिनच आहे.